प्रमुख पाहुणे वॉचमनच्या केबिनमध्ये

आमच्या ‘चारकोप संगणक वापरकर्ते मंडळा’चे एकूण त्रेसष्ट सभासद आहेत आणि त्यातले चौदा जण संगणक वापरतात. उरलेले बटाटेवड्यासाठी येतात. ही माहिती मी मंडळाचा संस्थापक आणि कार्यवाह या नात्याने पूर्ण जबाबदारीने देतोय. (वड्यांची ऑर्डर मीच देतो, त्यामुळे आकडा पक्का आहे.)

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आमची सभा भरते. एक व्याख्यान, मग शंकासमाधान, मग वडे. व्याख्यानांचा दर्जा मी कायम उच्च ठेवला. ‘पासवर्ड कसा असावा’ या व्याख्यानात वक्त्यांनी सभासदांना उदाहरणं द्यायला सांगितली. सभासद फार उत्साही. एकेकाने उभं राहून, मोठ्याने, स्वतःचाच पासवर्ड सांगितला. सभा संपेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचे पासवर्ड पाठ झाले होते. पुढच्या महिन्यात ‘जुने फोटो संगणकात कसे साठवावेत’ असा विषय ठेवला, तर एका जोडप्याने स्वतःच्या केरळ सहलीचे चारशे फोटो पडद्यावर दाखवले. त्यात हत्तीचेच नव्वद! एवढं ज्ञानदान करूनही हजेरी नऊवर आली, आणि त्या नवातले दोघे तर हॉलमधल्या एसीखाली बसायला आले होते.

हा हॉल आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडच्या मोठ्या सोसायटीचा. तिथला सेक्रेटरी सावंत हा माझा शाळासोबती. त्यामुळे तो माझ्याशी अत्यंत प्रेमाने, म्हणजे अजिबात मान न ठेवता बोलतो.

“दिल्या, पुढच्या सभेला पन्नास डोकी दाखव,” तो म्हणाला. “नाहीतर रविवारची सकाळ झुंबाला देणार.”

“अरे, आम्ही समाजप्रबोधन करतोय!”

“तुझ्या प्रबोधनाला नऊ माणसं येतात. झुंबाला चाळीस बायका वेटिंगवर आहेत. त्यात माझी बायको पहिली. आता तूच सांग, मी कोणाला घाबरू?”

प्रश्न रास्त होता. पन्नास डोकी जमवायची तर विषय तसाच पाहिजे. त्या सुमारास ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच विषय होता, फोनवरून होणारी फसवणूक. ‘मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय’ असं सांगून लोकांना लुबाडणारे ते महाभाग! ऑफिसमधल्या एका मित्राने मला कांबळे साहेबांचा नंबर दिला. पोलिसांच्या सायबर विभागातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले, चेंबूरला राहणारे, बोलायला अगदी शांत. फोनवर दोन मिनिटांत ‘येतो’ म्हणाले. मी त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांच्या प्रोफाइलवर त्यांच्या नातीचा फोटो होता, आणि ती सहा महिन्यांची होती. त्यावरून आजोबांचा अंदाज येण्यासारखा नव्हता.

आता प्रबोधनाची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी, हा माझा बाणा. म्हणून मी सगळ्यात आधी माझ्या बायकोला, वंदनाला, तयार करायला घेतलं. एका कागदावर नियम छापले आणि फ्रीजवर चिकटवले. कोणी पोलीस आहे म्हणाला, तर विश्वास ठेवायचा नाही. घरच्या माणसाचं नाव घेतलं, तर अजिबातच ठेवायचा नाही. ‘तातडीचं आहे’ म्हणाला, तर तो शंभर टक्के चोर. मेसेजमध्ये नावाची किंवा शुद्धलेखनाची चूक दिसली, तर दोनशे टक्के चोर. आणि शेवटचा नियम मोठ्या अक्षरात, ‘मी स्वतः सांगेपर्यंत कुणाचंही ऐकायचं नाही.’

“हा शेवटचा नियम नवीन आहे की लग्नापासूनचाच?” वंदनाने विचारलं.

मी दुर्लक्ष केलं. तिची परीक्षा घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याच्या फोनवरून, आवाज बदलून तिला फोन केला. “मॅडम, मैं बँक से बोल रहा हूँ.”

“येताना कोथिंबीर आणा,” ती म्हणाली, “आणि तसला आवाज काढू नका, घसा बसेल.”

परीक्षार्थी पास झाली. परीक्षकाबद्दल नंतर बोलू.

सभेच्या आदल्या दिवशी मी दोन कामं केली, आणि दोन्ही संगणक मंडळाच्या कार्यवाहाला शोभतील अशीच केली. पहिलं, मंडळाच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. टाइप कशाला करायचं म्हणून फोनसमोर बोलून लिहिलं. मी म्हणालो, ‘सायबर तज्ज्ञ श्री. कांबळे’. फोनने लिहिलं, ‘सायबर तज्ज्ञ श्री. कांबळी’. मी वाचून न बघता पाठवलं. दुसरं, कांबळे साहेबांना हॉलचं लोकेशन पाठवलं. म्हणजे, मला तसं वाटलं. प्रत्यक्षात मी सोफ्यावर बसून ‘सध्याचं ठिकाण पाठवा’ हे बटण दाबलं होतं. त्यामुळे साहेबांना गेलं ते आमच्या सोफ्याचं लोकेशन.

आणि आणखी एक. साहेब म्हणाले, “एखादा दुसरा नंबर देऊन ठेवा,” म्हणून मी वंदनाचाही नंबर दिला. हे मात्र वंदनाला सांगायचं राहिलं.

रविवार उजाडला. वंदना कढी करून मग येणार होती. मी नऊलाच हॉलवर पोचलो. हॉलमध्ये इंटरनेटची बोंब, म्हणून माझ्याच फोनवरून लॅपटॉपला नेट द्यायचं ठरलं. पण फोनला रेंज फक्त एकाच खिडकीत! शेवटी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगला. सभेत फोन वाजू नये म्हणून सायलेंटवर टाकला. (शिस्त म्हणजे शिस्त!)

आणि चमत्कार झाला. माणसं यायला लागली. वीस, तीस, चाळीस! सावंत दारात उभा राहून बोटांवर डोकी मोजत होता. दहा वाजता सत्तावन्न! झुंबाच्या पराभवाने माझा ऊर भरून आला. फक्त पाहुण्यांचा पत्ता नव्हता.

दहा वाजून पाच मिनिटांनी दारात एक गृहस्थ दिसले. पंचेचाळिशीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, हातात मोठी काळी बॅग. इकडे-तिकडे बघत होते.

मी धावलो. “या या साहेब! वाटच बघत होतो.”

“नमस्कार. मी डेमोसाठी आलोय. इथे बी विंग...”

“डेमोसुद्धा करणार? झकास! या, या.”

“नाही, म्हणजे मॅडमनी मला...”

“मॅडम घरी आहेत, कढी करून येतील. तुम्ही चला आधी.”

त्यांना वाक्य पूर्ण करू न देता मी स्टेजवर नेलं, हार घातला, शाल पांघरली, नारळ हातात दिला. माइकवर म्हणालो, “ज्यांच्या नावाने भल्याभल्या गुन्हेगारांना घाम फुटतो, ते आपले आजचे प्रमुख पाहुणे!” पाहुण्यांना स्वतःलाच घाम फुटला होता. त्यांनी माझी बाही ओढली. “साहेब, काहीतरी गडबड...”

“किती विनम्र आहेत बघा!” मी माइकवर म्हणालो. टाळ्या!

सत्तावन्न माणसांनी वाजवलेल्या टाळ्या ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्यांनी शाल नीट केली, घसा खाकरला आणि माइक हातात घेतला.

“तुमच्या घरात रोज काय शिरतंय,” ते सावकाश म्हणाले, “हे तुम्हाला डोळ्यांना दिसत नाही.”

काय सुरुवात होती!

“वरून सगळं स्वच्छ दिसतं. पण आत? व्हायरस! एक नाही, लाखो. तुम्ही बिनधास्त. तुमची मुलं बिनधास्त. आणि एक दिवस अख्खं घर आडवं!”

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर तोंडाला लावला. मी भराभर टिपणं घेत होतो. पुढे ते म्हणाले, की आपल्यात आणि व्हायरसमध्ये एक चांगला फिल्टर पाहिजे, फुकटातला नको, आणि तो दरवर्षी बदलला पाहिजे. त्यांनी पाइप, टाकी, क्षार असे शब्द वापरले तेव्हा मी शेजाऱ्याला सांगितलं, “पाण्याचं उदाहरण घेऊन समजावतायत. सोपं करून सांगणं हीच खरी विद्वत्ता!” मग त्यांनी बॅगेतून तपकिरी, चिकट, गाळाने माखलेली एक नळकांडी काढून उंच धरली. “हे बघा. एका सुशिक्षित कुटुंबाच्या घरातून काढलंय!”

सभागृह शहारलं. मीही शहारलो. सायबर गुन्हेगारीचं इतकं ओंगळ रूप मी कधी पाहिलं नव्हतं.

शंकासमाधानात पेडणेकर काका उठले. काका सत्तरीचे, आमच्या चौदा खऱ्या संगणकवाल्यांपैकी एक. हॉलच्याच वर, पहिल्या मजल्यावर राहतात.

“माझं मशीन आठ वर्षांचं आहे,” काका म्हणाले. “सुरू व्हायला वेळ लावतं आणि मधूनच घर्रर्र आवाज करतं.”

“आत गाळ साठलाय,” पाहुणे क्षणात म्हणाले.

“मग काय करावं?”

“उघडायचं, सुटे भाग वेगळे करायचे आणि वाहत्या नळाखाली ब्रशने धुवायचे. दर सहा महिन्यांनी.”

“धुवायचं?” काकांनी माझ्याकडे पाहिलं.

मी संस्थापक या नात्याने मान डोलावली. “तज्ज्ञ सांगतायत, काका!”

काकांनी तिथल्या तिथे सुनेला फोन लावला.

आता जरा आमच्या घरी जाऊ. (पुढचा भाग मला दोन्ही पक्षांनी नंतर सविस्तर सांगितला. एकाने हसत, दुसरीने कमरेवर हात ठेवून.)

खरे कांबळे साहेब बरोबर पावणेदहाला आमच्या बिल्डिंगखाली पोचले. तिथे ना हॉल, ना बॅनर. मला तीन फोन केले. माझा फोन पिशवीत गजाला लटकून शांतपणे समाजसेवा करत होता. म्हणून त्यांनी वंदनाला फोन लावला.

“नमस्कार. मी सायबर पोलीसमधून इन्स्पेक्टर कांबळे बोलतोय. तुमच्या मिस्टरांचा फोन लागत नाहीये. जरा तातडीचं आहे.”

एका दमात तीन नियम! वंदनाने आधी गॅस बंद केला.

“काय केलं त्यांनी?” तिने गोड आवाजात विचारलं. “पार्सलमध्ये काय सापडलं?”

“पार्सल? नाही हो वहिनी, मला त्यांनी भाषणाला बोलावलंय.”

“भाषणाला श्री. कांबळी येणार आहेत. माझ्यासमोर निमंत्रण आहे. तुम्ही कांबळे म्हणालात. निदान नाव तरी पाठ करून फोन करायचा!”

“वहिनी, मी कांबळेच आहे. मी खाली उभा आहे, वर येऊ का?”

“या ना,” वंदना म्हणाली. “बघू तरी, दिसता कसे.”

साहेब तिसऱ्या मजल्यावर चढून आले. वंदनाने लाकडी दार उघडलं, जाळीचं उघडलं नाही.

“ओळखपत्र?”

“निवृत्त झालोय. जमा केलं.”

“वा! आता घरपोच सेवापण सुरू केली का तुम्ही लोकांनी?” तोवर तिने इंटरकॉमवरून वॉचमनला बोलावलंच होतं. “यादव, या साहेबांना खाली केबिनमध्ये बसवा. चहा द्या, पण सोडू नका. पोलिसांना बोलावते.”

“वहिनी, मीच पोलीस आहे,” साहेब म्हणाले.

“हो ना? मग फारच लवकर आलात.”

हे वाक्य ऐकून साहेब म्हणे मोठ्याने हसले आणि आपणहून केबिनमध्ये जाऊन बसले. आरोपी इतका खुशीत चहा पितोय म्हटल्यावर यादवला जास्तच संशय आला, आणि त्याने केबिनच्या दाराला बाहेरून कडी घातली.

पण पोलिसांना बोलावण्याआधी, शेवटच्या नियमाप्रमाणे, वंदनाने मला अकरा फोन केले. अकराही पिशवीत गेले. शेवटी तिने ठरवलं, याला थेट हॉलवरच न्यायचं. तिथे इतकी माणसं असतील, सायबर तज्ज्ञ आहेत, पळून जाणार कुठे?

तर इकडे आमचे पाहुणे ‘वार्षिक देखभाल’ या मुद्द्यावर आले होते आणि लोकं नंबर लिहून घेत होती. एवढ्यात हॉलचं दार धाडकन उघडलं. पुढे वंदना, हातात पळी. मध्ये साठीचे एक उंच, शांत गृहस्थ. मागे काठी घेतलेला यादव.

“अहो, पकडला!” वंदना दारातूनच ओरडली. “तुमचे सगळे नियम लागू पडले! पोलीस म्हणतो, तातडीचं म्हणतो, नावसुद्धा धड सांगता येत नाही. साहेब,” ती स्टेजकडे बघून म्हणाली, “तुम्ही तज्ज्ञ आहात, ताब्यात घ्या याला!”

स्टेजवरच्या तज्ज्ञांच्या हातातली नळकांडी खाली पडली.

“नमस्कार राणे साहेब,” मधले गृहस्थ मला म्हणाले. तोच फोनवरचा शांत आवाज! “मी कांबळे. तुम्ही पाठवलेल्या लोकेशनवर वेळेत पोचलो होतो.”

मी स्टेजकडे वळलो. “मग... मग तुम्ही कोण?”

“मी मोहिते,” शालीतले गृहस्थ म्हणाले. “पाण्याचे फिल्टर विकतो. बी विंगमधल्या मॅडमनी डेमोला बोलावलं होतं. मी सांगत होतो साहेब, तुम्ही ऐकूनच घेतलं नाही.”

“अहो, पण मग अर्धा तास बोललात कशाला?”

मोहिते शालीच्या टोकाशी चाळा करत म्हणाले, “सहा वर्षं दारोदार फिरतोय साहेब. ‘नमस्कार’ म्हणेपर्यंत लोक दार लावतात. आज एवढी माणसं समोर बसून ऐकत होती, वहीत लिहून घेत होती. माइक ठेवावासा वाटेना हो.”

तेवढ्यात पेडणेकर काका किंचाळले, “अरे, माझं मशीन!”

अख्खी सभा जिन्याने वर धावली. पुढे काका, मागे मी, माझ्या मागे मोहिते (“मोटारीला पाणी लावायचं नसतं हो, सांगायचं राहिलं!”). काकांच्या सुनेने दार उघडलं. शहाणी मुलगी! मुख्य पेटीला तिने हात लावला नव्हता. “बाबांना पुन्हा एकदा विचारून मग करावं म्हटलं,” ती म्हणाली. फक्त कीबोर्ड साबण लावून स्वच्छ धुतला होता. गॅलरीतल्या दोरीवर दोन चिमट्यांमध्ये तो झुलत होता, शेजारी काकांचा बनियन.

पुन्हा खाली आल्यावर कांबळे साहेबांनी माइक घेतला. यांचं भाषण दहा मिनिटांचंच झालं.

“नोकरीभर मी लोकांना एकच सांगत आलो,” ते म्हणाले. “खात्री करून घ्या, घाबरू नका, घाई करू नका. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन फसतात. कोणीतरी खरंच ऐकलंय, हे मी आज वॉचमनच्या केबिनमध्ये बसून पाहिलं. वहिनींनी माझ्यावर एका मिनिटासाठीही विश्वास ठेवला नाही. असा सन्मान मला आजवर मिळाला नव्हता.”

टाळ्यांनी हॉल दणाणला. वंदनाने पळी मागे लपवली.

“आणि राणे साहेब,” ते माझ्याकडे वळले, “तुम्ही मात्र जपा. अनोळखी माणसाला नावही न विचारता तुम्ही हार घातलात. तुम्हाला फसवायला चोराला काही बोलायचीसुद्धा गरज नाही. तो नुसता दारात उभा राहिला तरी पुरे!”

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने सावंत. त्याने नियमाप्रमाणे डोकी मोजली होती, त्यामुळे हॉल आमच्याकडेच राहिला. मोहित्यांना सतरा घरांतून डेमोचं आमंत्रण मिळालं. मी शाल परत मागितली, तेव्हा कांबळे साहेबच म्हणाले, “राहू द्या त्यांच्याकडे. व्याख्यान त्यांनी दिलंय.” मग दोघांनी शेजारी बसून वडे खाल्ले, आणि साहेबांनी त्यांच्याकडून घरच्या फिल्टरचा सल्लाही घेतला.

मी खुर्च्या आवरायला लागलो, तेवढ्यात सावंतने माइक घेतला. “या मंडळाला अध्यक्ष नाही ना? मी वंदनावहिनींचं नाव सुचवतो!”

पेडणेकर काकांनी अनुमोदन दिलं. मला वाटलं वंदना नको म्हणेल. ती म्हणाली, “बघते,” आणि थेट येऊन मधल्या खुर्चीत बसली. बसल्या बसल्या तिने पहिला ठरावही मांडला. यापुढे वक्ता ओळखणं, लोकेशन पाठवणं आणि निमंत्रण लिहिणं ही तीन कामं कार्यवाहांकडे राहणार नाहीत.

ठराव एकमताने मंजूर झाला, अशी त्या दिवशीच्या इतिवृत्तात नोंद आहे. आता इतिवृत्त मीच लिहितो, म्हणून तुम्हाला खरं काय ते सांगून टाकतो. मी हात वर केला होता तो आक्षेप घ्यायला. पण इतिवृत्त अध्यक्षांना दाखवल्याशिवाय पक्कं होत नाही.